मोबाइल गेला तरी आतलं राहावं म्हणून



आम्ही अंबरनाथ पश्चिमेच्या बचत गटांतून बोलतोय. जावसई, कोहोजगाव, बुवापाडा या भागांत आमचे गट आहेत. कुणी डबे करतं, कुणी पापड-मसाले, आणि बऱ्याच जणी उल्हासनगरहून येणाऱ्या जीन्सचे धागे घरी बसून कापतात. आज मोबाइलबद्दल बोलायचं आहे. मोबाइल हरवला, भिजला, बंद पडला किंवा कुणी फसवून त्यात शिरलं, तर आतलं सामान कसं वाचवायचं, एवढाच विषय.

एका मासिक बैठकीत आम्ही एकमेकींना विचारलं, तुझ्या मोबाइलमध्ये काय काय आहे? सुरुवातीला सगळ्या म्हणाल्या, काही नाही गं, फोटो आणि व्हॉट्सॲप. मग एकेक निघायला लागलं. पीस किती नेले, किती परत दिले, त्याचे मेसेज. डब्याच्या गिऱ्हाइकांचे नंबर. गटाच्या हजेरी वहीच्या पानांचे फोटो. लेकीच्या दहावीच्या मार्कशीटचा फोटो. घरभाड्याच्या करारनाम्याचा फोटो. एकीकडे तिच्या वारलेल्या सासूबाईंनी पाठवलेला आवाजातला निरोप होता, अर्ध्या मिनिटाचा. हँडसेट आठ-दहा हजारांचा, तो हप्त्याने पुन्हा घेता येतो. तो निरोप कुठल्या दुकानात मिळणार?

आमच्याकडे मोबाइल जायला कारणं भरपूर. लोकलच्या दारात उभं राहून बोलत असलं की रुळांच्या कडेचा पोरगा हातावर फटका मारतो आणि मोबाइल खाली. पावसाचं तर विचारूच नका. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी घरात आल्या तेव्हा लोकांचे लग्नाचे अल्बम भिजून एकमेकांना चिकटले. २०१९ च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, हजाराहून जास्त माणसं बोटींनी बाहेर काढावी लागली, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आता अल्बमही मोबाइलमध्ये आणि कागदपत्रंही मोबाइलमध्येच. तुमच्याकडे ओढा असेल, विहीर असेल, गोठ्यातली बादली असेल. पाण्याला कारण एकच पुरतं.

शेतकऱ्याच्या घरात खायचं धान्य वेगळं आणि पेरायचं बियाणं वेगळं ठेवतात. एका कणगीला घूस लागली तरी पुढचं साल बुडू नये म्हणून. मोबाइलमधल्या सामानाची अशीच दुसरीकडे ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप. आणि ती प्रत पुन्हा मोबाइलमध्ये आणणं म्हणजे रिस्टोअर. आपण बहुतेक जणी अँड्रॉइड मोबाइल वापरतो. त्यात ही प्रत गूगलच्या खात्यात जाते, म्हणजे आपल्या जीमेलच्या खात्यात. तिथे १५ जीबी जागा फुकट मिळते.

आता इथेच थांबायचं, कारण खरी गोम इथे आहे. ते खातं कुणाचं?

आम्ही बैठकीत सगळ्यांना मोबाइल काढायला लावले. सेटिंग्ज उघडायचं, खाली ‘गूगल’ लिहिलेलं असतं ते दाबायचं, वर एक ईमेल दिसतो, तो वाचायचा. बऱ्याच जणींनी तो ईमेल आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. कुणाचा मुलाच्या नावाचा होता, कुणाचा नवऱ्याच्या. काहींचा तर असा, की आधी इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे, काही अर्थच लागेना. मोबाइल घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने पाच मिनिटांत खातं काढून दिलेलं. पासवर्ड त्यानेच टाकला. तो पासवर्ड काय, तर त्यालाही आठवत नाही.

अशा खात्यात बॅकअप गेला तर तो गेला असंच समजा. नवीन मोबाइलवर रिस्टोअर करायला तोच ईमेल आणि तोच पासवर्ड लागतो. शिवाय दुसरी गोष्ट, जी बोलायला जरा अवघड जाते. खातं मुलाचं असेल तर आपले फोटो त्याच्या मोबाइलमध्ये दिसतात, आणि त्याने जागा करायला म्हणून पुसले की आपलेही पुसले जातात. खातं नवऱ्याचं असेल तर आपण कुणाचा नंबर सेव्ह केला, तोही तिकडे पोचतो. यात भांडणाचं काही नाही. बँकेत आपलं वेगळं खातं असतं, तसं हेही आपलं वेगळं असावं. घरात समजावून सांगितलं तर बहुतेक घरांत ऐकतात. एका ताईंच्या घरी ऐकलं नाही, तेव्हा आम्ही चार जणी चहाला गेलो.

खातं आपलं करायचं म्हणजे काय करायचं ते सांगतो. ईमेल आपल्याच नावाचा असेल आणि पासवर्ड माहीत नसेल, तर आधी तो बदलायचा. ‘पासवर्ड विसरलो’ असं दाबलं की मोबाइलच्या स्क्रीन लॉकवरून किंवा नंबरवर आलेल्या कोडवरून बहुतेक वेळा बदलता येतो. मोबाइल हातात चालू आहे तोवर हे सोपं आहे, हरवल्यावर फार अवघड. खातं दुसऱ्याचं असेल तर आपलं नवीन काढायचं आणि नंबर, फोटो हळूहळू त्यात आणायचे. खात्यात ‘रिकव्हरी फोन’ म्हणून एक नंबर देता येतो. तिथे जुना, बंद पडलेला नंबर राहिलेला असतो, तो काढून आत्ताचा टाकायचा. जमल्यास दुसरा नंबर बहिणीचा किंवा गटातल्या भरवशाच्या मैत्रिणीचा द्यायचा. दोन टप्प्यांची सुरक्षा चालू केली तर गूगल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक आठ आकड्यांचा, एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून घ्यायचे.

कागदावर लिहू नका असं शिकलेली माणसं सांगतात. आम्ही सांगतो, लिहा. पण तो कागद मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवू नका. रेशनकार्ड, आधारकार्ड ज्या पिशवीत असतं त्या पिशवीत ठेवा. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून. आणि बँकेचा पिन मात्र त्या कागदावर येता कामा नये.

खातं आपलं झालं की बाकीचं काम थोडं. सेटिंग्ज, मग गूगल, मग बॅकअप. काही मोबाइलमध्ये हे थोडं वेगळ्या जागी असतं, तेव्हा सेटिंग्जमध्ये वर शोधायची जागा असते तिथे ‘बॅकअप’ असं लिहायचं किंवा बोलायचं. ते चालू केलं की कॉलची यादी, साधे मेसेज, सेटिंग आणि ॲपची यादी खात्यात जायला लागते. नंबर सेव्ह करताना मात्र बघा. ‘सिम’ किंवा ‘फोन’ असं निवडलं तर नंबर तिथेच राहतो. ‘गूगल’ किंवा आपला ईमेल निवडला तरच तो खात्यात जातो.

फोटोंचं वेगळं असतं. गूगल फोटोज उघडायचं, वर कोपऱ्यात आपलं चित्र किंवा अक्षर असतं ते दाबायचं, तिथे बॅकअप चालू आहे की बंद ते लिहिलेलं दिसतं. पूर्वी फोटोंना जागेची मोजणी नव्हती, १ जून २०२१ पासून त्याच १५ जीबीत धरतात. व्हॉट्सॲपचा बॅकअपही आधी फुकट जायचा, २०२४ पासून तोही त्यातच. म्हणून जागा भरते, आणि भरली की बॅकअप गुपचूप थांबतो. आम्ही पाहिलं तर जागा कशाने भरली होती? शुभ सकाळ, शुभ रात्री, आणि जेवणाच्या रेसिपीचे व्हिडिओ. एकीने दोन वर्षांचे गुलाब, सूर्य आणि चहाचे कप पुसले तेव्हा तिचा बॅकअप पुढे सरकला. पाठवणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

व्हॉट्सॲपचं स्वतः जाऊन करावं लागतं. वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, चॅट, चॅट बॅकअप. तिथे खातं आपलंच आहे ना ते बघायचं, रोज किंवा आठवड्याला असं निवडायचं, व्हिडिओ वगळायचे. तिथेच बॅकअपला कुलूप लावायचीही सोय आहे. पासवर्ड घालून लावायचं असेल तर तो नीट लक्षात राहणार असेल तरच लावा. तो विसरला तर व्हॉट्सॲपवालेही उघडून देऊ शकत नाहीत. रोजचा दीड जीबी नेट रात्री उरतो तेव्हा मोबाइल चार्जिंगला लावून हे काम उरकतं.

एक तारीख रोज नाही तरी महिन्यातून एकदा वाचायची. चॅट बॅकअपच्या पानावर वरच ‘शेवटचा बॅकअप’ असं लिहून तारीख असते. आम्ही बैठकीत हजेरी घेताना ती तारीख मोठ्याने वाचतो. ज्यांची जुनी असते त्यांच्यावर जरा हसतो, आणि तिथेच बटण दाबून घेतो.

आधारकार्ड, दहावी-बारावीची मार्कशीट यांसाठी सरकारचं डिजिलॉकर आहे, २०१५ पासून. त्यात उतरवलेलं कागदपत्र मोबाइल गेला तरी राहतं. गटाच्या वहीची पानं फोटो काढून ठेवाच, पण वही बंद करू नका. बँकेचे साहेब आजही वहीच मागतात.

हे सगळं कशासाठी, ते आम्हाला एका प्रसंगाने नीट कळलं. आमच्या एका गटाच्या खजिनदार ताई आहेत, नाव सांगत नाही. लग्नाचे दिवस होते. त्यांच्या व्हॉट्सॲपवर पत्रिका आली, तीही भाचीच्या नंबरवरून. पत्रिकेच्या नावापुढे ‘एपीके’ अशी तीन इंग्रजी अक्षरं होती. त्यांनी दाबलं. मोबाइलने विचारलं, या ठिकाणाहून ॲप घ्यायला परवानगी देता का? पत्रिका बघायची म्हणून त्यांनी ‘हो’ केलं. मग मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. पत्रिका काही उघडली नाही. ताई पोळ्या लाटायला लागल्या. दोन तासांनी खात्यातून ८,४०० रुपये गेल्याचा मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर आला, कारण बँकेत त्याचाही नंबर होता. त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर आलेला ओटीपी चोरांनी तिकडूनच वाचला होता. ते पैसे त्या महिन्याच्या बचतीचे होते. अजून गटाच्या खात्यात भरायचे होते.

भाचीने काही पाठवलंच नव्हतं. तिच्या मोबाइलमध्ये तेच ॲप शिरलं होतं आणि तिच्या ओळखीच्या सगळ्यांना ते आपोआप पत्रिका वाटत होतं. म्हणून ‘ओळखीच्या नंबरवरून आलं’ ही खूण आता धरता येत नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नाही, वीजबिल नाही, गाडीचा दंड नाही, बँकेचं केवायसी नाही. ते ॲप आहे. पत्रिका ही फोटो असते किंवा पीडीएफ असते.

त्या ताईंनी रडायच्या आधी आम्हाला फोन केला, नवऱ्याच्या मोबाइलवरून. तेव्हा जे केलं ते क्रमाने सांगतो, लिहून घ्या. आधी त्यांच्या मोबाइलचं नेट, वायफाय बंद करून सिम काढून घेतलं, म्हणजे पुढचे ओटीपी बाहेर जायचे थांबले. दुसऱ्या मोबाइलवरून १९३० ला फोन लावला. हा फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे, पैसे पुढच्या खात्यात असतानाच अडवायचा प्रयत्न करतात, म्हणून जितकं लवकर तितकं बरं. त्यांनी तक्रार क्रमांक दिला. लगेच बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवलं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. बँकेला कळवल्यानंतर जर काही पैसे गेले तर ते नुकसान बँकेचं, असा त्यात नियम आहे. म्हणून कळवल्याची वेळ लिहून ठेवली. मग दुसऱ्या मोबाइलवरून ताईंच्या गूगल खात्याचा पासवर्ड बदलला.

आता उरला तो मोबाइल. असलं ॲप एकदा शिरलं की स्वतःचं चिन्ह लपवतं, काढायला गेलं तर निघत नाही. खात्रीचा उपाय एकच, मोबाइल पुसून कोरा करायचा, ज्याला फॅक्टरी रिसेट म्हणतात. दुसरी एखादी असती तर इथेच अडली असती. आतले फोटो जातील, नातवाचं बारसं जाईल, म्हणून बायका रिसेट करू देत नाहीत, आणि चोर तसाच आत बसून राहतो. या ताईंचा बॅकअप होता. महिन्याभरापूर्वीच बैठकीत आपल्या नावाचं खातं करून चालू केलेला. त्यांनी स्वतःच्या हाताने मोबाइल कोरा केला.

रिस्टोअर करताना घाई केली तर घोटाळा होतो. कोरा किंवा नवीन मोबाइल सुरू करताना तो विचारतो, जुनी माहिती आणायची का? तिथे ‘वगळा’ दाबून पुढे जायची सवय असते, ती आवरायची. नेट जोडायचं, आपला ईमेल आणि पासवर्ड टाकायचा, जुन्या मोबाइलचं नाव यादीत दिसतं ते निवडायचं. नंबर येतात, ॲप एकेक करून प्ले स्टोअरवरून उतरतात. बाहेरून आलेलं एपीके यात परत येत नाही, हे चांगलंच. मग सिम घालून व्हॉट्सॲप सुरू करायचं. नंबर तोच आणि गूगल खातं तेच असेल तर ते विचारतं, बॅकअप सापडला आहे, आणायचा का? इथे ‘रिस्टोअर’ दाबायचं. वगळलं आणि नंतर नवीन बॅकअप झाला की जुन्याची जागा तो घेतो, मग जुनं परत येत नाही. यूपीआयचं ॲप नव्याने सुरू करावं लागतं, बँकेत दिलेल्या नंबरचं सिम त्याच मोबाइलमध्ये असावं लागतं. मोबाइलच चोरीला गेला असेल तर सगळ्यात आधी त्याच नंबरचं नवीन सिम घ्या, कारण प्रत्येक कुलपाची चावी त्या नंबरवर येते.

ताईंचे फोटो सगळे आले. व्हॉट्सॲपचे शेवटचे सहा दिवस आले नाहीत, कारण त्यांनी आठवड्याचा बॅकअप ठेवला होता. त्या सहा दिवसांत कुणी किती बचत दिली ते त्या मेसेजवरच होतं. मग प्रत्येकीला विचारून वहीत पुन्हा लिहिलं, दोघींच्या आकड्यांत फरक आला, थोडं तोंडातोंडी झालं. पैशांपैकी काही भाग अडवला गेला, तो नंतर परत मिळाला, बाकीचा गेला. गटाने ठराव केला की खजिनदाराने एकटीने भरायचं नाही, सगळ्यांनी वाटून घ्यायचं. दोन जणींना हे पटलं नाही आणि त्यांनी तसं वहीत लिहायला लावलं. तेही योग्यच. त्या दिवसापासून बचत कुणाच्या स्वतःच्या खात्यात घ्यायची नाही, गटाच्या बँक खात्याचा क्यूआर कोड आहे, त्यावरच.

आता आत येणाऱ्या ॲपबद्दल. घरात येणारा माणूस पुढच्या दाराने येतो, तसं ॲप प्ले स्टोअरवरून यावं. बाकीची दारं बंद करता येतात. सेटिंग्जमध्ये ‘अज्ञात ॲप इन्स्टॉल करा’ असं शोधा. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगवेगळी असते. यादीत व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स अशी नावं दिसतील. सगळ्यांपुढे ‘परवानगी नाही’ असं असायला हवं. एखाद्यापुढे ‘परवानगी आहे’ असेल तर ते कुणी केलं ते आठवून बघा आणि बंद करा. प्ले स्टोअरमध्ये वरच्या चित्रावर दाबलं की ‘प्ले प्रोटेक्ट’ दिसतं, ते चालू ठेवा. एखादं ॲप घेताना ‘प्ले प्रोटेक्ट बंद करा’ असं कुणी सांगत असेल तर तो माणूस कोण आहे हे वेगळं सांगायला नको.

पण पुढच्या दाराने येणारा प्रत्येक जण सज्जन नसतो. प्ले स्टोअरवरही नाव शोधलं की वर आधी जाहिरात येते, दिसायला तशीच. खाली बनवणाऱ्याचं नाव वाचायचं. आणि परवानग्या. टॉर्चच्या ॲपला आपले मेसेज कशाला? कॅलेंडरच्या ॲपला माइक कशाला? ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची एक परवानगी असते. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्यांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या ॲपसाठी ती गरजेची आहे. चोराच्या हाती पडली तर तो आपल्या स्क्रीनवरचं वाचतो आणि आपल्या वतीने बटणंही दाबतो. कुणी फोनवर बोलता बोलता ही परवानगी द्यायला सांगितली, किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला लावलं, तर फोन ठेवून द्या. ‘सॉरी’ म्हणायचीही गरज नाही.

लाडकी बहीण योजनेचं उदाहरण घ्या. जुलै २०२४ मध्ये अर्ज सुरू झाले तेव्हा नारीशक्ती दूत हे ॲप होतं, नंतर संकेतस्थळ आलं, २०२५ मध्ये ई-केवायसी आली. महिन्याचे १,५०० रुपये थांबू नयेत म्हणून बायका रात्री जागून कुठल्याही लिंकवर आधार नंबर टाकायला लागल्या. या योजनेच्या खऱ्या संकेतस्थळाचं नाव ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ असं संपतं. शेवट वेगळा असेल तर तिथे काहीच टाकू नका, आणि त्यासाठी व्हॉट्सॲपवर आलेलं कुठलंही ॲप घेऊ नका. शंका आली तर अंगणवाडी सेविकेला विचारा.

कर्ज देणाऱ्या ॲपबद्दल आम्हाला जास्त बोलायचं आहे, कारण त्यात बायका जास्त अडकतात. पाच मिनिटांत पाच हजार, कागद नाही, जामीन नाही. घेताना ॲप नंबरांची यादी आणि फोटो मागतं. आपण देतो. आठवड्यात दुप्पट मागतात, आणि नाही दिले तर आपल्या फोटोला काहीतरी घाणेरडं जोडून यादीतल्या सगळ्यांना पाठवायची धमकी देतात. सासरचे, माहेरचे, मुलांच्या शाळेचे, सगळे त्या यादीत असतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये यासाठी नियम केले. कर्ज बँकेकडून किंवा नोंदणी झालेल्या वित्त कंपनीकडून थेट आपल्या खात्यात यायला हवं, आणि ॲपने आपले नंबर, फोटो उपसायचे नाहीत. गूगलनेही ३१ मे २०२३ पासून कर्जाच्या ॲपना नंबरांची यादी आणि फोटो घ्यायला बंदी घातली. म्हणजे आता ज्या कर्जाच्या ॲपने ते मागितलं ते नियमाबाहेरचं, मग ते कितीही गोड बोलो. कुणी अडकलीच असेल तर लाजून पुन्हा पुन्हा भरत राहू नका. धमक्यांचे स्क्रीनशॉट काढा, ते दुसऱ्या मोबाइलवर पाठवून ठेवा, पोलिसांकडे जा, सोबत गटातल्या दोघींना न्या. पाच हजारांसाठी गटाचं अंतर्गत कर्ज आहे. ते मागायला संकोच वाटतो म्हणून बायका अनोळखी ॲपकडे जातात, हे आमच्या गटात आम्ही मोकळेपणाने बोललो. आता तातडीच्या छोट्या कर्जाला बैठकीची वाट बघायला लावत नाही, तिघींच्या सह्यांवर देतो.

राहिलं ते जुन्या मोबाइलचं. बिघडलेला मोबाइल कपाटात टाकून ‘दिवाळीला नवीन घेऊ’ असं म्हणू नका. मोबाइल ५७ दिवस वापरला नाही तर त्याचा खात्यातला बॅकअप पुसला जाऊ शकतो, फोटोज ॲपमधले फोटो तेवढे राहतात. आणि गूगल खातंच दोन वर्षं उघडलं नाही तर गूगल ते बंद करू शकतं. मधल्या काळात घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर आपलं खातं अधूनमधून उघडत राहा. चुकून फोटो पुसला असेल तर फोटोज ॲपच्या कचरापेटीत बघा, बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस असतो.

मोबाइल विकताना किंवा धाकट्या जावेला देताना आधी सेटिंग्जमधून आपलं खातं काढा, मग रिसेट करा. खातं न काढता बटणं दाबून पुसला तर तो नंतर जुनाच ईमेल आणि पासवर्ड मागत बसतो, ती सोय चोराला अडवायला केलेली आहे. जुना मोबाइल विकत घेताना म्हणूनच समोरच्याला आपल्यासमोर खातं काढायला लावायचं. उल्हासनगरला आम्ही जुने मोबाइल घेतो. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुम्ही ऐकला असेल. माल चांगलाही मिळतो, पण बिल घ्यायचं. डायल करायच्या जागी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की १५ आकडी आयएमईआय नंबर दिसतो. मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर टाकायचा आणि १४४२२ ला पाठवायचा. मोबाइल वापरायला योग्य आहे की बंद केलेला आहे, ते उत्तर येतं. आपला मोबाइल चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन, याच नंबरवरून, सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तो बंद करता येतो.

तेव्हा मोबाइल हातात आहे तोवर तो १५ आकडी नंबर गटाच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे लिहून ठेवा. आमच्या वहीत त्यासाठी सचिव ताईंनी हजेरीच्या रकान्याशेजारी पेन्सिलने एक रकाना आखला आहे. पेन्सिलने, कारण मोबाइल बदलत राहतात.